केंद्रकाची स्थळपाहणी

मानवजातीचा सगळ्यात मोठा पराक्रम कोणता, असं मला कोणी विचारलं तर मी चंद्रावरचं पाऊल वगैरे सांगणार नाही. माणूस अणूच्या पोटात शिरला, तिथल्या केंद्रकापर्यंत गेला आणि कोणाच्याही डोळ्याला कधीच दिसणार नाही अशा त्या वस्तूची लांबी-रुंदी मोजून परत आला, याहून मोठं काही माणसाच्या हातून झालेलं नाही. ही लांबी-रुंदी लिहायला आमच्या विद्यापीठाच्या पोर्टलवर रकानासुद्धा आहे. फक्त तो मीटरमध्ये आहे, आणि दहाच्या खालचा आकडा घेत नाही.

त्याचं असं झालं, की हे पोर्टल मुळात शेततळ्यांसाठी तयार झालं होतं. कोणीतरी ते कुठल्याशा खात्यासाठी बनवलं, खात्याने घेतलं नाही, मग विद्यापीठाने घेतलं. वरचं नाव बदलून 'जिल्हा-उपयोगी संशोधन व्यवस्था' असं केलं. आतलं बदलायला सवड झाली नाही. त्यामुळे मार्चच्या एक तारखेपासून चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतल्या तमाम पीएचडीवाल्यांना प्रबंध जमा करताना पोर्टल विचारू लागलं, की तुमच्या संशोधन-वस्तूची लांबी, रुंदी, खोली किती? वस्तू दोन जिल्ह्यांच्या हद्दीत आहे का? स्थळपाहणी झाली का? आणि वस्तूशेजारी उभ्या असलेल्या संशोधकाचा अक्षांश-रेखांशासकट फोटो कुठे आहे?

लोकांनी वाटा काढल्या. इतिहासवाले किल्ल्यापाशी उभे राहिले. मराठीच्या एका मुलाने झाडीबोलीतल्या म्हणींवर काम केलं होतं, तो आजीशेजारी उभा राहिला आणि आजीची लांबी दहा मीटर भरवून मोकळा झाला. त्याला हिरवी टिक आली. आजीची पाहणी करायला आलेल्या माणसाने चहा घेतला आणि 'काम समाधानकारक' असा शेरा दिला.

अडकली ती दिव्यानी गुरनुले.

दिव्यानी माझी शेवटची पीएचडीची विद्यार्थिनी. मी नागभीडच्या कॉलेजात तेहतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. पण तिचा प्रबंध राहिला होता म्हणून विद्यापीठाने मला पुरतं निवृत्त होऊ दिलं नाही. तिचा विषय होता खूप जास्त लांबलेल्या केंद्रकांचे आकार आणि त्यांचं फिरणं. हा विषय तिला मी दिला. का दिला, असं तिच्या काकूने मला सात वर्षांत साधारण चाळीस वेळा विचारलं असेल. 

विषय मात्र सोपा आहे. उत्तरेकडच्या एका मोठ्या शहरात प्रवेगक नावाचं अजस्र यंत्र आहे. त्यात एका मूलद्रव्याच्या पातळ पत्र्यावर दुसऱ्या मूलद्रव्याचे अणू भयंकर वेगाने आदळतात. कधीमधी दोन केंद्रकं एकमेकांना चिकटतात, आणि टक्कर तिरपी झालेली असल्याने चिकटलेलं बोचकं गरगर फिरायला लागतं. किती? सेकंदाला एकावर वीस शून्यं इतक्या फेऱ्या. एवढं फिरल्यावर कोणाचाही आकार बिघडेल. टेंभराच्या फळासारखं गोल केंद्रक लांबून खारकेसारखं होतं. लांबी रुंदीच्या दुप्पट. मग ते दमतं, आणि दमता दमता एकेक गॅमा किरण सोडत मंदावतं. या किरणांच्या ऊर्जा कागदावर मांडल्या की सारख्या अंतरावर गाडलेल्या खांबांची रांग दिसते. दोन खांबांतल्या अंतरावरून केंद्रक किती लांबलं ते काढता येतं. हा सगळा खेळ सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही कितीतरी आत आटोपतो.

दिव्यानीला त्या यंत्रावर सहा दिवस मिळाले होते. सहा दिवसांत जे नोंदलं गेलं ते एका डबीत भरून ती गावी घेऊन आली आणि पुढची साडेसहा वर्षं घरच्या छपरीत, जुन्या लॅपटॉपवर, त्यातून खांब वेचत बसली. गावात रेंज नाही, त्यामुळे कोणी त्रासही दिला नाही. टर्बियम नावाच्या मूलद्रव्याच्या एका केंद्रकात तिला बारा खांबांची रांग सापडली. अशी रांग त्या केंद्रकात आधी कोणाला दिसली नव्हती. बारा खांब, म्हणजे पक्के बारा. तेरावा मला दिसत होता, तिलाही दिसत होता.

"मंग टाक ना तेरावा," मी म्हटलं होतं.

"सर, दिसतो. पण आहे असं म्हणता येत नाही. तेवढी किरणांची गर्दी दुसरीकडेही उगाच जमते."

तेरा खांब म्हटले असते तर तिचा लेख दीड वर्ष आधी छापून आला असता, असं ज्याने तो तपासला त्यानेच कळवलं होतं. तिने बाराच लिहिले. तेव्हाही मी तिच्या विरुद्ध बाजूला होतो, हे इथे नोंदवून ठेवतो.

तर तिची नोंदणी ३१ मार्चला सायंकाळी पाच वाजता संपत होती. दोनदा मुदत वाढवून झाली होती. तिसरी वाढ नियमात नाही. पाचच्या आत पोर्टलवर स्थळपाहणीची हिरवी टिक आली तर प्रबंध परीक्षकांकडे जाणार. नाही आली तर नोंदणी रद्द, आणि सात वर्षं कधी झालीच नाहीत असं धरलं जाणार.

'वस्तूचे ठिकाण' या रकान्यात तिने आधी प्रवेगकाच्या शहराचं नाव लिहिलं. पोर्टल लाल झालं: 'वस्तू हद्दीबाहेर आहे. कृपया वस्तू हद्दीत आणा.' मग तिने स्वतःच्या गावाचं नाव टाकलं, कारण काम तिथे झालं होतं. पोर्टल खूश झालं आणि म्हणालं, 'पाहणी प्रलंबित'. लांबी-रुंदीचं काय, असं विचारलं तर ते पाहणीच्या वेळी पाहणी-अधिकारीच भरतो, असं कळलं.

मी विद्यापीठात पत्रू भाऊंना फोन लावला. पत्रू भाऊ संशोधन विभागात कारकून आहेत आणि माणूस सोन्यासारखा आहे. असा माणूस समोर असला की भांडताही येत नाही, हा त्यांचा एकच दोष.

"पत्रू भाऊ, ती वस्तू आता नाही. साडेसहा वर्षांपूर्वी होती."

"बुजली का?"

"एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही आत बुजली."

"म्हंजे काम निकृष्ट होतं," पत्रू भाऊ हळहळले.

मी त्यांना केंद्रक समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सर, मले समजते जी. पन मशीनले नाई समजत. हिरवी टिक आली का प्रबंध आपोआप पुढं जाते. नाई आली तं आपोआप रद्द होते. माह्या हातात काईच नाई."

"मग तुमच्या हातात आहे काय?"

"फोन हाय," पत्रू भाऊ म्हणाले. "तुमी कवाही करत जा."

मी तो महिनाभर करत होतो. पाहणी-अधिकारी एकच, आणि त्यांच्याकडे चौसष्ट वस्तू होत्या. आमचा नंबर ३१ तारखेला सकाळी अकराला लागला.

३१ तारखेला मी नऊ वाजताच दिव्यानीच्या गावी पोचलो. नागभीडपासून अकरा किलोमीटर, त्यातले शेवटचे चार जंगलातले. छपरीत लॅपटॉप, प्रबंधाच्या चार प्रती आणि पाहुण्यांसाठी पोह्यांची तयारी, असा सगळा मांडव होता. दिव्यानीची मनकर्णा काकू पहाटेच मोहफुलं वेचायला गेली होती, ती दहा वाजता रिकामी टोपली घेऊन परत आली.

"काऊन काकू?" दिव्यानीने विचारलं.

"रस्ता बंद केला जंगलाच्या गार्डनं. वळनावर वाघ हाय म्हनते."

"दिसला?"

"दिसला कोनाले नाई. पावलं दिसले. पन काठ्या आडव्या टाकल्या, इकडून तिकडं कोनाले जाऊ देत नाई."

अकरा वाजले. बारा वाजले. पाहणी-अधिकारी पलीकडच्या बाजूला अडकला असणार हे आम्हाला कळत होतं, पण त्याला विचारायला रेंज वळणावर होती, आणि वळणावर वाघ होता. मी तेहतीस वर्षं पोरांना सांगत आलो की निसर्गाचे नियम सर्वांना सारखे लागू असतात. त्या दिवशी वाघ बसला होता, आम्ही बसलो होतो, आणि मुदत त्याची संपत नव्हती.

 दिव्यानी लॅपटॉप उघडायची, बारा खांब बघायची, झाकायची. एक वाजता काकूने पोहे आम्हालाच वाढले.

"गुरुजी," काकू मला म्हणाली, "पाच वाजेपर्यंत तो मानूस आला नाई तं काय होते?"

"सगळं रद्द होतं."

"मंग पुन्हा कराव लागते का?"

"पुन्हा करता येत नाही."

"सात वर्सं?" काकूने दिव्यानीकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा हा विषय का दिला असं मला विचारलं नाही. त्याने मला जास्त वाईट वाटलं.

चार वाजायला दहा मिनिटं असताना मोटरसायकलचा आवाज आला. पाहणी-अधिकारी इसरू भाऊ पन्नाशीचे, अंगावर पाव किलो धूळ, छातीशी टॅबलेट बांधलेला. पंधरा वर्षं त्यांनी शेततळी पाहिली होती आणि पोर्टल विद्यापीठाकडे आलं तेव्हा ट्रॅक्टरसोबत ड्रायव्हर यावा तसे तेही विद्यापीठाकडे आले. उतरता उतरताच त्यांनी विचारलं,

"कुठी हाय?"

"काय?"

"वस्तू." त्यांनी टॅबलेटवर बोट फिरवलं. "अनु... केंद्रक. कोन्त्या सर्व्हे नंबरात येते हे?"

दिव्यानीने त्यांना बाजेवर बसवलं, पाणी दिलं आणि काही न लपवता सांगितलं: वस्तू इथे नाही. इथे कधी नव्हतीच. ती दुसऱ्या शहरात होती, आणि तिथेही आता नाही. ती डोळ्याला दिसत नाही. दिसली असती तरी दिसायच्या आत गेली असती.

इसरू भाऊंनी पाणी संपवलं. पेला खाली ठेवला.

"मॅडम, माह्या नोकरीत मी बारा-पंधरा तळे असे पाह्यले जे नव्हते. पन ते नाई हाय असं मालकानं सोताहून कधी सांगतलं नाई."

"मग आता?"

"आता मले काई सुचून नाई राह्यलं."

घड्याळात चार वाजून दहा झाले होते. सुचलं ते मला. काकूच्या घरामागे, धानाच्या बांदीच्या टोकाला, तिचं एक शेततळं आहे. खरं, खणलेलं, मार्च असल्याने तळाशी हातभर पाणी असलेलं.

"दिव्यानी," मी म्हटलं, "तळ्याच्या काठावर उभी राहा. इसरू भाऊ फोटो काढतील. दोन मिनिटांचं काम आहे."

"मले चालते," इसरू भाऊ उठलेच. "तळं मले लवकर जमते."

आम्ही चौघंही तळ्यावर गेलो. दिव्यानी काठावर उभी राहिली. इसरू भाऊंनी टॅबलेट डोळ्यासमोर धरला, आणि फोटोच्या आधी येणारं स्वयंघोषणापत्र वाचून दाखवलं, कारण तसा नियम आहे: 'छायाचित्रातील वस्तू हीच माझी संशोधन-वस्तू आहे. अंगठा लावा.'

दिव्यानीने तळ्यात बघितलं.

"ही माझी संशोधन-वस्तू नाही," ती म्हणाली. "यात बेडकं आहेत."

"अगं, फोटोच तं हाय पोरी," काकू म्हणाली.

"मॅडम, लोकं आजीजवळ उभे राह्यले," इसरू भाऊ म्हणाले.

मग मी ओरडलो. मी सहसा ओरडत नाही. वर्गात ओरडून काही उपयोग नसतो हे पहिल्याच वर्षी कळलं होतं. पण त्या दिवशी ओरडलो. सात वर्षं जातील, नोकरीचा अर्ज जाईल, या एका अंगठ्याने कोणाचं काय बिघडणार आहे, विज्ञानाचं काय बिघडणार आहे, टर्बियमला काय फरक पडणार आहे, असं सगळं ओरडलो.

तिने मला पूर्ण ओरडू दिलं.

"सर, सात वर्सं मी एकच काम केलं," ती म्हणाली. रागात ती घरच्या बोलीवर येते, पण आवाज चढला नव्हता. "जेवढं दिसलं तेवढंच लिवलं. आता शेवटच्या दिवशी तळ्याजवळ उभी राहून अंगठा लावला, तं मंग ते सात वर्सं कोनाचे? तेरावा नाई लिवला तवा तुमी असेच रागावले होते. मले पीएचडी पाह्यजे सर. लय पाह्यजे. पन अशी भेटली तं मी ती कोनाले दाखवू?"

 यावर तळ्यातला एक बेडूक तेवढा बोलला.

आम्ही छपरीत परत आलो. काकूने चहा ठेवला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. सव्वाचार झाले होते. इसरू भाऊ जायला निघत नव्हते, आणि थांबून काय करायचं तेही त्यांना कळत नव्हतं. शेवटी ते दिव्यानीला म्हणाले,

"मॅडम, तुमाले काय दिसलं ते तरी दाखवा. एवढ्या दूर आलो."

तिने लॅपटॉप उघडला. पडद्यावर खालच्या बाजूने गवतासारखं बारीक बारीक काहीतरी उगवलेलं, आणि त्यातून डोकं वर काढणारे खांब, एकसारख्या अंतरावर. इसरू भाऊंनी बोट लावून मोजले.

"बारा."

"बारा."

"हा तेरावा?"

"तो नक्की नाही. मी तो धरत नाही."

इसरू भाऊंनी दोन खांबांवर बोटं ठेवून मधलं अंतर मापलं. मग म्हणाले, "हे तं पावलं होय."

"म्हणजे?"

"मी पाच घंटे वळनावर बसून होतो ना. गार्ड पावलं मोजत होता. सारख्या अंतरावर पडलेले. तो म्हने, पावलाईतल्या अंतरावरून जनावर केवढा ते समजते. मोठी मादी हाय म्हने. अन् पुढं खडक हाय, तिथी एक पाऊल अर्ध होतं, तं त्यानं ते नाई धरलं."

दिव्यानी पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकली. "तसंच आहे भाऊ. हे त्याचे ठसेच आहेत. फक्त उलटं. अंतर जितकं कमी, तितका प्राणी लांब."

"उलटं?"

"हो."

"लय इचित्र जनावर हाय मंग," इसरू भाऊ म्हणाले, पण त्यांना पटलेलं होतं. त्यांनी टॅबलेट मांडीवर घेतला. "सर, मले एक सांगा. सकाळपासून वाघ कोनी पाह्यला?"

"कोणी नाही."

"मंग सरकारचा रस्ता पाच घंटे काऊन बंद होता? पावलाईवर. पावलाईवर रस्ता बंद होते तं पावलाईवर एक टिक काऊन नाई होनार?"

तेहतीस वर्षांत मी अप्रत्यक्ष पुरावा हा धडा साठेक वेळा शिकवला. एकदाही इतका बरा शिकवला नव्हता.

ते भरायला लागले. वस्तूचा प्रकार: शेततळे, विहीर, गोठा, इतर. त्यांनी 'इतर' निवडलं. स्थिती: नवीन, दुरुस्ती, बुजलेली. 'बुजलेली' निवडलं; आणि काय आश्चर्य, बुजलेली म्हटल्यावर घोषणापत्रच बदललं: 'वस्तू येथे होती, आता नाही. तिच्या खुणा छायाचित्रात आहेत.'

"येथे नव्हती," दिव्यानी म्हणाली.

"मॅडम!" इसरू भाऊ कळवळले. "शेऱ्यात लिवा. शेऱ्यात दोनशे अक्षरं भेटते."

"आणि लांबी?" मी धास्तावून विचारलं. दहाच्या खालचा आकडा ते घेत नाही, हे मला पाठ होतं.

"लांबी सांगा मॅडम."

दिव्यानी म्हणाली, "वीस."

"मीटर?"

"फेम्टोमीटर. मीटरचे एकावर पंधरा शून्यं इतके तुकडे केले तर त्यातला एक. असे वीस."

"आकडा वीस ना? रुंदी?"

"दहा."

"खोली?"

"तीही दहा. दोन्हीकडून सारखंच असतं ते."

इसरू भाऊंनी वीस, दहा, दहा भरले. आम्ही तिघं त्या चौकटीकडे बघत होतो. पोर्टलने आकडे चाटून बघितले आणि घेतले. निसर्ग आणि विद्यापीठ यांचं एखाद्या आकड्यावर एकमत झालेलं मी माझ्या हयातीत पाहिलेलं हे पहिलं उदाहरण.

"मीटर नाही हे शेऱ्यात लिहायचं," दिव्यानीने बजावलं.

"शेरा कोनी वाचत नाई मॅडम."

"नसू दे."

शेरा तिने स्वतः लिहिला. पहिला मसुदा दोनशे अकरा अक्षरांचा झाला. अकरा अक्षरं काढायला सहा मिनिटं गेली. मी 'कृपया' काढायला सांगितलं, तिने काढलं, मग 'सादर' गेलं. शेवटी उरलं ते असं: 'मापे मीटर नव्हेत, फेम्टोमीटर. वस्तू येथे नव्हती, अन्य शहरात होती. ती कोणी पाहिली नाही. सारख्या अंतरावरचे बारा ठसे मिळाले. तेराव्याची खात्री नाही.' इसरू भाऊंनी ते दोनदा वाचलं आणि खाली पाहणी-अधिकाऱ्याच्या रकान्यात स्वतःचं वाक्य जोडलं: 'ठसे मी मोजले. बाराच आहेत.'

फोटोला ऊन आडवं आलं. पडदा काळा दिसायला लागला आणि त्यात फक्त मोहाचं झाड दिसत होतं. काकूने लुगड्याचा पदर लॅपटॉपवर धरला. दिव्यानी शेजारी उभी राहिली, ताठ, शाळेच्या फोटोसारखी. इसरू भाऊंनी फोटो काढला. तिने अंगठा लावला.

'नोंद जतन झाली. नेटवर्क नाही. नेटवर्कमध्ये आल्यावर पाठवली जाईल.'

चार वाजून एकोणचाळीस मिनिटं.

"वळनावर रेंज हाय," इसरू भाऊ टॅबलेट छातीशी बांधत म्हणाले. "चार किलोमीटर. दहा मिनिटं लागते. पावनेपाचले निघालो तरी पोचतो."

"रस्ता परत बंद केला असेल तर?" मी विचारलं.

"गार्ड ओळखीचा झाला आता."

"आणि वाघ?"

इसरू भाऊ अंगणात उभे राहिले. धुळीने भरलेला तो माणूस एकाएकी बराच उंच दिसायला लागला.

"सर, पंधरा वर्सं मी खोटे तळे खरे लिवले. खऱ्यात पानी नसलं तरी भरून हाय लिवलं. वरून जसं सांगतलं तसं लिवलं. आज पयल्यांदा असा रिपोर्ट लिवला का त्यातला एक एक शब्द खरा हाय. हे नीट समजून घ्या. वाघ आडवा आला तं त्याले म्हनन, बापा, बाजूले हो, तुह्या पावलावरच हे चाललं हाय. पन हा रिपोर्ट पाचच्या आत पोचल. मॅडम, तुमी डॉक्टर झाल्या समजा."

दिव्यानीच्या डोळ्यात पाणी आलं. काकूने पदराचं टोक तोंडाला लावलं. मलाही काहीतरी बोलावंसं वाटलं. विज्ञान, सत्य, वगैरे शब्द जिभेवर येऊन उभे राहिले.

इसरू भाऊंनी मोटरसायकलवर टांग टाकली आणि किक मारली. गाडी खोकली. त्यांनी पुन्हा किक मारली. चावी काढली, फुंकली, घातली. पेट्रोलच्या टाकीला कान लावून गाडी हलवून बघितली, पेट्रोल होतं. आणखी पाच किका मारल्या. शेवटच्या किकेला गाडीने खोकायचंही सोडून दिलं.

चार वाजून त्रेचाळीस.

इसरू भाऊंनी गाडी न्यूट्रलला घेतली आणि मान वळवून आमच्याकडे, म्हणजे गुडघे गेलेला एक निवृत्त प्राध्यापक, एक होऊ घातलेली डॉक्टर आणि मनकर्णा काकू यांच्याकडे बघितलं.

"सर," ते हळू आवाजात म्हणाले, "जरा धक्का मारता का जी?"